कंटेनरचे दार लागण्यापूर्वी दगड कोरडा हवा : ग्वाल्हेरच्या दगड निर्यातदारांना खुले पत्र

प्रति,
ग्वाल्हेर व परिसरातील वालुकाश्म-फरशीचे कारखानदार, निर्यातदार, पॅकिंगचे ठेकेदार आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपल्याकडून समुद्रमार्गे गेलेल्या फरशीवर परदेशात डाग निघाले, लोणा (क्षारांचे पांढरे पीठ) फुटला किंवा बुरशी आली, की आपल्याकडे एक उत्तर तयार असते : माल इथून चांगलाच गेला होता, वाटेत समुद्राची हवा लागली. निर्यातीच्या मालाची तपासणी आणि कागदपत्रे यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे आणि हे उत्तर मी अनेक कार्यालयांत, अनेक तोंडून ऐकले आहे. ते बहुतेक वेळा बरोबर नसते, आणि ते बरोबर मानल्यामुळे आपला उपाय चुकीच्या जागी केला जातो, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या बहुतांश मालाला बिघडवणारे पाणी समुद्राचे नसते. ते आपण ग्वाल्हेरहूनच कंटेनरमध्ये भरून पाठवतो.

हिशेब अगदी साधा आहे. वीस फुटी कंटेनरची आतली जागा सुमारे ३३ घनमीटर असते. त्यात आपण २६ टनांच्या आसपास फरशी भरतो आणि तिला जेमतेम ११ घनमीटर जागा लागते. लाकूड धरूनही वीसेक घनमीटर जागा हवेची उरते. ३० अंश सेल्सिअस तापमानाची हवा पूर्ण दमट झाली तरी एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅमच बाष्प धरू शकते. म्हणजे कंटेनर बंद करताना त्यातल्या सगळ्या हवेत मिळून एक लिटरही पाणी नसते. आता दगडाकडे पाहा. २६ टन वालुकाश्मात वजनाच्या फक्त एक टक्का पाणी उरले असेल, तर ते २६० लिटर होते, आणि पाण्याच्या धारेखाली कापून दोन दिवसांत पॅक केलेल्या फरशीत एक टक्का पाणी उरणे ही मुळीच अवघड गोष्ट नाही. त्यावर क्रेटचे, म्हणजे फरशी भरायच्या लाकडी चौकटीचे, लाकूड आहे. एका कंटेनरमध्ये टनभर लाकूड गेले आणि त्यात ४० टक्के ओलावा असला, तर ते लाकूड १८ टक्क्यांपर्यंत वाळताना दीडशे लिटरच्या आसपास पाणी सोडते. बंद पेटीत चारशे लिटर पाणी ठेवून दार सील करायचे आणि महिना-दीड महिन्याने निघालेल्या डागांचा दोष समुद्राला द्यायचा, हे न्यायाचे नाही.

हे पाणी दगडात निमूट बसून राहिले असते, तर फारसे बिघडले नसते. पण कंटेनर ते बसू देत नाही. जहाजाच्या वरच्या थरात ठेवलेल्या कंटेनरचे पत्र्याचे छत दिवसा उन्हाने तापते, आतली हवा गरम होते आणि दगड-लाकडातले पाणी ओढून घेते. रात्री छत आणि भिंती आधी थंड होतात. ३० अंशांच्या, ७५ टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो अंश, २५ अंशांच्या आसपास असतो. छत त्याखाली आले की त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात आणि पन्हाळीसारख्या पत्र्यावरून ओघळत खालच्या क्रेटवर पडतात. दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा. म्हणून अनेकदा वरच्या क्रेटची पहिली फरशी ठिपक्याठिपक्यांची होते आणि मधली शाबूत दिसते, आणि उघडणाऱ्याला वाटते की छताला भोक असावे. कंटेनरला असलेली हवेची छिद्रे इतकी लहान असतात की त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

ग्वाल्हेरच्या बाबतीत ऋतूचा विचार विशेष करावा लागतो, आणि तो आपण पुरेसा करत नाही. ब्रिटनमध्ये अंगण आणि बागेतील फरसबंदीचे काम वसंतात आणि उन्हाळ्यात चालते. त्यामुळे तिकडचा व्यापारी माल हिवाळ्यात उचलतो आणि आपल्या भरणीचा जोर डिसेंबर ते मार्च असतो. डिसेंबर-जानेवारीतले आपले धुके आपणा सर्वांना माहीत आहे : सकाळी दहापर्यंत ऊन नाही, रात्रीचे तापमान ५-७ अंशांपर्यंत उतरलेले, आवारात उभी केलेली फरशी हाताला ओलीच लागते. मे महिन्यात ४५ अंशांत जी लादी दोन दिवसांत खडखडीत होते, तिला जानेवारीत आठवडा लागला तरी नवल नाही. पण पॅकिंगचे वेळापत्रक मात्र बारा महिने एकच असते. अशी गार, ओली फरशी कंटेनरमध्ये भरून मुंद्रा, पिपावाव किंवा न्हावाशेवा बंदराला पोचते. वीस-पंचवीस टन दगडातला गारवा लवकर उतरत नाही. तपासणीसाठी बंदरावर दार उघडले आणि किनाऱ्याची दमट हवा आत शिरली, तर थंड दगडाच्या पृष्ठभागावरच दव धरते. पुढे उष्ण समुद्रातून जाताना दगड तापतो, पोटातले पाणी बाहेर टाकतो, आणि प्रवासाच्या शेवटी युरोपातल्या थंडीत छत एकदम गार झाले की तेच पाणी पुन्हा मालावर पडते.

त्यात २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे अनेक मोठ्या जहाज कंपन्यांनी सुवेझचा मार्ग सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, आणि प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला. केप ऑफ गुड होपच्या वाटेने जाणारे जहाज विषुववृत्त दोनदा ओलांडते. उष्ण, मग थंड, पुन्हा उष्ण आणि शेवटी कडक थंड असे चढउतार मालाला सोसावे लागतात. सुवेझमार्गे जो ओला माल कसाबसा निभावून जात असे, तो या वाटेने निभावेलच असे नाही.

आता बिघाड नेमका कसा दिसतो ते सांगतो, कारण ‘डाग’ या एका शब्दाखाली आपण निरनिराळ्या गोष्टी ढकलतो आणि मग उपायही एकच शोधतो. ग्वाल्हेर मिंटसारख्या फिकट, पांढरट-हिरवट दगडाची एक क्रेट उघडून पाहिली असे समजा. एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या लाद्यांच्या कडा कोरड्या आणि फिकट, मधला भाग काळपट, जणू प्रत्येक लादीला चौकट काढली आहे; हे पाणी दोन लाद्यांच्या मध्ये अडकल्याचे लक्षण. जिथे लाकडाची पट्टी टेकली होती तिथे तपकिरी आडवा पट्टा. हा लाकडातला रंग उतरलेला. पट्ट्याच्या टोकाला, खिळ्याजवळ, काळा-निळा ठिपका. हा सर्वांत चिवट. बाभळीसारख्या लाकडात टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते, ओलाव्यात त्याची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग तयार होतो, आणि आपल्या पूर्वजांनी हिरडा व हिराकस (लोहाचा क्षार) यांपासून शाई केली ती याच क्रियेवर. ती शाई आपण फिकट दगडाच्या छिद्रांत पक्की बसवून पाठवतो. याशिवाय पृष्ठभागभर पसरलेली पिवळसर झाक दिसली, तर ती बहुधा दगडातल्याच लोहाची असते, जे पाण्याबरोबर वर येऊन हवेत गंजते. आणि पांढरे पीठ हाताला लागले, तर तो लोणा.

या लोणा फुटण्याबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण त्याचे मूळ कटिंगच्या हौदात असते. आपण कापणीचे पाणी खड्ड्यात निवळवून पुन्हा वापरतो, आणि पाण्याची टंचाई पाहता तेच योग्य आहे. परंतु गाळ खाली बसला तरी विरघळलेले क्षार बसत नाहीत. पाणी उडते, क्षार उरतात, आणि महिनोन्‌महिने फिरवलेले पाणी खारट होत जाते. ते लादीच्या छिद्रांत शिरते. बंदिस्त क्रेटमध्ये पाणी पृष्ठभागाकडे सरकते, तिथून उडते आणि क्षार तिथेच ठेवून जाते. शेवटची एक धुणी स्वच्छ, ताज्या पाण्याने दिली, तर यातला मोठा भाग टळतो. गंजाचे डाग काढण्यासाठी काही ठिकाणी आम्लाने धुतात; ते दगडातले लोह आणखी मोकळे करते आणि नीट न धुतल्यास स्वतःचे क्षार मागे ठेवते. फिकट दगडावर हा प्रयोग करून लगेच पॅक करणे हे मला धोक्याचे वाटते, आणि ते बंद व्हावे अशी माझी स्पष्ट विनंती आहे.

कोणी म्हणेल, दगड पाण्याला एवढा भितो, तर आपला किल्ला कसा उभा आहे? मानसिंह तोमरांनी १४८६ ते १५१६ या आपल्या कारकिर्दीत बांधलेला मानमंदिर राजवाडा आणि सोळाव्या शतकातले सूफी संत मोहम्मद गौस यांच्या कबरीच्या जाळ्या यांनी शेकडो पावसाळे अंगावर घेतले आहेत. त्या दगडांना पाणी लागते, पण पाऊस थांबला की वाराही लागतो आणि ऊनही. भिजलेला दगड वाळू शकतो, तोवर तो टिकतो. क्रेटमध्ये त्याला वाळण्याची सोय आपण काढून घेतो. या शहराच्या दगडाची कीर्ती त्या इमारतींनी कमावली आहे आणि ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत ग्वाल्हेरच्या नावापुढे सँडस्टोनच्या टाइल्स आहेत. त्या नावाने गेलेली क्रेट डागाळलेली निघावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

ओलावा शोषणाऱ्या पिशव्यांविषयी आपला फार मोठा गैरसमज आहे. कंटेनरमध्ये कॅल्शियम क्लोराइडच्या काही पिशव्या टांगल्या की काम झाले, असे आपण मानतो. पॅकिंग लिस्टवर तशी नोंदही करतो. हा पदार्थ उत्तम आहे, दमट हवेत तो स्वतःच्या वजनाहून अधिक पाणी घेऊ शकतो, पण एकेक किलोच्या डझनभर पिशव्यांनी दुप्पट पाणी घेतले तरी ते २५ लिटरच्या घरात जाईल. समोर चारशे लिटर आहे. कोरड्या मालाबरोबर टांगलेली पिशवी हवेतला उरलासुरला ओलावा सांभाळते. ओल्या मालाबरोबर टांगलेली पिशवी काही दिवसांत भरते आणि पुढचा सगळा प्रवास नुसती लोंबत राहते. प्लास्टिकच्या आवरणाचेही तसेच आहे. क्रेटवरून टाकलेले, बाजू मोकळ्या ठेवणारे आच्छादन छतावरून पडणाऱ्या थेंबांपासून वाचवते. चारी बाजूंनी घट्ट गुंडाळलेले प्लास्टिक ओल्या दगडातले पाणी आतच कोंडते.

लाकडावरच्या शिक्क्याबद्दलही असेच. लाकडी पॅकिंगसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार लाकडाचा गाभा ५६ अंशांवर सलग ३० मिनिटे तापवला की त्यावर उष्णता-प्रक्रियेचा शिक्का बसतो. ती प्रक्रिया किडीसाठी आहे. अर्ध्या तासात लाकूड वाळत नाही, आणि शिक्का असलेले लाकूड ओले असू शकते, नव्हे, पुष्कळदा असतेच. ठेकेदाराकडून शिक्क्याबरोबर ओलाव्याचे मापही मागायला हवे. लाकडाचा ओलावा मोजणारे छोटे यंत्र फार महाग नसते, आणि १८ ते २० टक्क्यांवरचे लाकूड परत पाठवण्याचा करार आधीच करता येतो. बाभळीऐवजी कमी टॅनिनचे लाकूड, जस्ताचा मुलामा असलेले खिळे, लोखंडी पट्टीऐवजी प्लास्टिकची पट्टी आणि लाद्यांमध्ये लाकडी काड्यांऐवजी रंग न सोडणारे प्लास्टिकचे तुकडे, या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत. त्या सगळ्या कंटेनरांना लागू व्हाव्यात, फक्त कटकट करणाऱ्या खरेदीदाराच्या नव्हे.

परंतु पॅकिंग कितीही सुधारले तरी मूळ प्रश्न वाळवणीचाच राहतो, आणि इथे मला सर्वांत जास्त आग्रह धरायचा आहे. दगड कोरडा आहे की नाही हे आज आपण डोळ्यांनी ठरवतो. वरचा थर उन्हात तासाभरात फिकट होतो, आत ओल तशीच असते. नैसर्गिक दगडाच्या पाणी-शोषणाच्या युरोपीय चाचणीत नमुना कोरडा केव्हा मानायचा याची व्याख्या दिलेली आहे : चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन वजनांत ०.१ टक्क्याहून अधिक फरक नसावा. ती चाचणी प्रयोगशाळेत, भट्टीत वाळवून करतात. तिचे तत्त्व मात्र आवारात जसेच्या तसे वापरता येते. प्रत्येक लॉटमधल्या, ढिगाच्या मधोमध ठेवलेल्या चार-पाच लाद्यांवर खूण करावी, रोज ठरलेल्या वेळी चांगल्या काट्यावर त्यांचे वजन करावे आणि ते उतरायचे थांबेपर्यंत तो लॉट पॅक करू नये. वीस किलोच्या लादीत हा फरक वीस ग्रॅमचा आहे. साधा इलेक्ट्रॉनिक काटा तो दाखवतो. धुक्याच्या दिवसांत मात्र वजन थांबले म्हणजे दगड वाळलाच असे नसते, कारण दमट हवेत वाळवण थबकते. अशा वेळी एक लादी भट्टीत वाळवून खरे कोरडे वजन काढावे आणि त्याच्याशी तुलना करावी. आणखी सोपी खूण हवी असेल, तर लादीवर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून तो दोन-तीन तास उन्हात ठेवावा. आतून वाफ धरली, तर ती लादी अजून जायला तयार नाही.

वाळवण्यासाठी जागा लागते, आणि लहान कारखान्यांची खरी अडचण तीच आहे हे मी जाणतो. छप्पर असलेली, बाजूंनी उघडी, जमिनीपासून उंच ओट्याची आणि लाद्या अंतर ठेवून उभ्या करता येतील अशी शेड पावसाळ्यात आणि धुक्यात आवश्यक आहे; मोठे पंखे असतील तर फारच उत्तम. प्रत्येकाला ती परवडणार नाही. म्हणून स्टोन पार्कच्या, म्हणजे दगड उद्योगाच्या वसाहतीच्या, परिसरात सामाईक वाळवण-शेड उभारावी आणि ती वर्गणी व भाड्याच्या तत्त्वावर चालवावी, असे मी सुचवतो. संघटनांनी हा प्रस्ताव जिल्हा उद्योग केंद्राकडे ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेच्या अंतर्गत एकत्रितपणे मांडावा. एकेकट्याने केलेला अर्ज आणि सर्वांनी मिळून केलेली मागणी यांत फरक पडतो.

भरणीच्या दिवसाबद्दल थोडक्यात लिहितो. रिकाम्या कंटेनरमध्ये माणूस उभा करून दारे लावून घ्यावीत. कुठे उजेडाचा ठिपका दिसला, तर तो कंटेनर नाकारावा. नुकताच धुतलेला, ओल्या तळाचा कंटेनर घेऊ नये. त्याचा प्लायवूडचा तळही पाणी धरून असतो. पावसात उघड्यावर भरणी करू नये, मग जहाजाची तारीख चुकली तरी चालेल. २०१४ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून कंटेनर भरणीची जी संहिता तयार केली, तिच्यात दव धरण्यापासून बचावासाठी वेगळे परिशिष्टच आहे. आपल्या सुपरवायझरांना ते त्यांच्या भाषेत समजावून सांगायला हवे.

विम्याचा आधार आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी आपली पॉलिसी एकदा शांतपणे वाचावी. सागरी माल विम्याची सर्वांत व्यापक मानली जाणारी ‘ए’ कलमेसुद्धा अपुरे किंवा अयोग्य पॅकिंग, मालाचा अंगभूत दोष आणि विलंब यांमुळे झालेले नुकसान वगळतात. ओला दगड ओल्या लाकडात भरला होता असे सर्वेक्षकाने लिहिले, की पहिली दोन कारणे पुढे येतात, आणि प्रवास लांबला होता असे आपण म्हणालो, तर तिसरे. उलट माल कोरडा गेल्याची तारखेसह नोंद हातात असेल, तर बोलायला जागा राहते. म्हणून प्रत्येक कंटेनरबरोबर ओलाव्याची एक चिठ्ठी असावी : खुणेच्या लाद्यांची शेवटची दोन वजने, लाकडाचा ओलावा, भरणीच्या दिवसाचे हवामान, कंटेनर तपासणाऱ्याची सही. १ जुलै २०१६पासून भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही आणि आपण ती पावती बिनतक्रार देतो. त्या वजनात दगडातले पाणीही भरलेले असते. आणखी एका कागदाचे ओझे वाटू नये.

माझी विनंती अशी की, येत्या पावसाळ्यापूर्वी संघटनांनी एक बैठक घ्यावी आणि तीत तीन गोष्टी ठरवाव्यात : ओलाव्याच्या चिठ्ठीचा समान नमुना, लाकडाच्या ओलाव्याची कमाल मर्यादा आणि सामाईक शेडचा प्रस्ताव. त्याचबरोबर येत्या हिवाळ्यात काही कारखान्यांनी स्वेच्छेने आपल्या कंटेनरमध्ये तापमान व आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रे ठेवावीत, एक छताजवळ आणि एक क्रेटच्या आत, आणि खरेदीदाराकडून ती परत मागवून त्यातले आकडे सर्वांसमोर ठेवावेत. कोणाचा माल कोणाकडे गेला हे उघड करण्याची गरज नाही. आकडे पुरेसे आहेत. हे आकडे मांडण्याचे, चिठ्ठीचा नमुना मराठी आणि हिंदीत तयार करण्याचे आणि सुपरवायझरांना वजनाची पद्धत प्रत्यक्ष दाखवण्याचे काम मी विनामूल्य करीन. बैठकीची तारीख कळवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
निर्यात-माल तपासणीच्या कामातील, लष्कर भागातील एक रहिवासी,
ग्वाल्हेर